पास दिलास, गडबड तिथं आहे

ताई,
मी एकोणीस वर्षांचा. फुटबॉलमध्ये कायम विंगवर, म्हणजे कडेनं खेळलो, या सीझनला सरांनी स्ट्रायकर केलं, म्हणजे पुढे राहून गोल मारायचे. सात मॅच झाल्या, गोल शून्य. पहिल्या तीन मॅचमध्ये नऊ शॉट मारले होते, नंतरच्या चारमध्ये मिळून दोन. गेल्या रविवारी धोबीघाट ग्राउंडवर समोर फक्त कीपर होता, तरी मी बाजूच्याला पास दिला. तो ऑफसाइड निघाला, म्हणजे नियमापेक्षा पुढे उभा होता. घरी येताना गाडीत बाबा म्हणाले, "सुनील छेत्रीनं सोडला असता का?" आता बूट चढवतानाच पोटात गोळा येतो. परत विंगवर टाका, असं सरांना सांगू का?
– नऊ नंबर, कोथरूड

अरे नऊ नंबर,
आधी हिशेब. मोठमोठ्या लीगमध्येसुद्धा साधारण दहा शॉटमागे एक गोल पडतो. तुझे शॉट झाले अकरा. म्हणजे तुझ्या नावावर उधारी किती, तर एका गोलाची! तेवढ्यासाठी दुकान बंद करायला निघालास?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं ते नवावरून दोनावर आलेल्या आकड्यासाठी. चुकलेल्या शॉटचं मला काही वाटत नाही, त्या पासचं वाटतं. शॉट हुकला की सगळं ग्राउंड तुझ्याकडे बघतं, पास हुकला की दोघांत वाटला जातो. तू लपायला लागलायस, बाळा. आणि वर लोक "काय टीम प्लेयर आहे!" म्हणतात, त्यामुळे लपणं सोपंही जातं.

फ्रान्सचा थिएरी आन्री 1999 मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबला आला तेव्हा तोही विंगवरून आलेला. कोच व्हेंगरनं त्याला पुढे उभं केलं आणि पहिल्या आठ मॅचमध्ये गडी कोरडाच. पुढे त्याच क्लबसाठी त्यानं 228 गोल केले. तू आन्री होशील असं मी म्हणत नाहीये (बाबांनाही हे वाचायला देऊ नकोस, नाहीतर गाडीत आता आन्री सुरू होईल). पण विंगरला बॉल घेऊन पळायची सवय असते, दोन-तीन टच घेऊन विचार करायला वेळ असतो. गोलसमोरच्या बॉक्समध्ये तो वेळ नसतो. तिथं बॉल येण्याआधीच मान वर करून कीपर कुठे आहे ते बघायचं आणि कुठे मारायचं ते ठरवून टाकायचं. एकदा ठरलं की बदलायचं नाही. ऐनवेळी मन बदललं की अंग मागे झुकतं आणि बॉल बारवरून जातो.

गोलपोस्टची रुंदी 7.32 मीटर, उंची फक्त 2.44. जागा बाजूला आहे, वर नाही. म्हणून पायाच्या आतल्या बाजूनं, जमिनीलगत, लांबच्या पोस्टकडे. उंच कीपरला खाली वाकायला वेळ लागतो, आणि त्याच्या हातून सुटला तर मागून येणाऱ्या कुणाला तरी मिळतो. जोर लावायचा मोह आवर.

सरांकडे जा, पण विंग मागायला नको. प्रॅक्टिस संपल्यावर वीस मिनिटं माग. पाय दमलेले असतानाच दोन्ही बाजूंनी क्रॉस, म्हणजे कडेनं आलेले पास घ्यायचे, पेनल्टी स्पॉटच्या आत, सगळे वन टच, बॉल न थांबवता. इतर दिवशी सोसायटीची भिंत आहेच. दुपारी एक ते चार सोडून, हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

राहिले बाबा. त्यांना सांग, 6 जून 2024 ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध छेत्रीची निरोपाची मॅच होती, तोवर भारतासाठी 94 गोल केलेला माणूस, आणि ती मॅच 0-0 सुटली. भांडू नकोस. "मॅचच्या दिवशी गाडीत फुटबॉल नको, मिसळ खाऊन घरी जाऊ," एवढंच म्हण. त्यांचाही जीव तुटतो रे, फक्त बोलता येत नाही.

पोटातला गोळा लगेच जाणार नाही. पुढच्या चार मॅच झाल्या की मला परत लिही. गोल किती झाले ते राहू दे, शॉट किती मारलेस ते कळव.

– ताई