गिरगावातल्या चाळीत घडणारी, १५-१७ वयाच्या वाचकांसाठीची भयकादंबरी कशी रचावी?

पहिली अडचण एकांताची. मजल्यावर दहा-बारा बिऱ्हाडं, सामाईक गॅलरी. किंकाळी फुटली की पाच दारं उघडणार. मग गर्दीच वापरा: दारं उघडतात, पण आवाज फक्त नायिकेनेच ऐकलेला असतो. जागा तयारच आहेत. गॅलरीच्या टोकाचा संडास, करकरणारा लाकडी जिना, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे पुनर्विकासाच्या आशेवर रिकाम्या झालेल्या कुलूपबंद खोल्या. पहाटे पाण्याच्या वेळी तिथला नळ वाहू लागला, एवढं पुरतं.

नायिका सोळाची असेल तर निर्णय तिचेच हवेत, आजोबांनी मांत्रिक आणून सुटका करू नये. मोबाइलची बॅटरी संपवू नका, वाचक हसतील; उलट रेकॉर्डिंगमध्ये नुसती शांतता येऊ द्या. भूत तिसऱ्याच प्रकरणात दाखवलंत, तर पुढची दीडशे पानं कशावर ताणणार?