कॉलेजात असताना दारू कायमची कशी सोडावी? श्रावणात जमते, मग पुन्हा सुरू होते

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय २० आहे, घर ठाण्यात आणि कॉलेज नेरूळला, तिसरे वर्ष चालू आहे. दर शनिवारी आणि प्रत्येक सबमिशननंतर मित्रांबरोबर ‘बसणे’ होते, श्रावणात तुम्ही थेंबही घेत नाही, पण गणपतींचे विसर्जन झाले की पुन्हा सुरू होते, आणि आता मित्र न तोडता व घरी न कळता हे कायमचे थांबवायचे आहे. मी ठाण्याचाच आहे आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असतानाच मी दारू सोडली. मी डॉक्टर नाही. शरीराविषयी जे लिहितो आहे ती सर्वमान्य वैद्यकीय माहिती आहे, बाकीचे अनुभवाचे.

आधी शरीराचा मुद्दा संपवू. महिनाभर तुम्ही थांबता आणि त्या काळात हात थरथरत नाहीत, दरदरून घाम फुटत नाही, सकाळी उठल्याउठल्या घ्यावीशी वाटत नाही, तर तुमचे शरीर दारूवर अवलंबून झालेले नाही असे मानायला हरकत नाही आणि तुम्ही आजपासून थांबलात तरी काही बिघडणार नाही. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला मात्र रोजची सवय असेल आणि न घेतल्यास थरथर सुटत असेल, तर त्याने एकट्याने, खोलीत कोंडून घेऊन एका दिवसात बंद करण्याचा हट्ट करू नये. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, भ्रम, ताप अशी जिवावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. डॉक्टर अशा माणसाला काही दिवस औषधे देऊन आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन सुखरूप बाहेर काढतात. आपण नक्की कुठे आहोत हे पाहायचे असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. ४० पैकी ८ किंवा अधिक गुण आले तर पिणे धोक्याच्या पातळीवर गेले असे समजतात आणि २० किंवा अधिक आल्यास डॉक्टरकडे जायला उशीर करू नये.

आता श्रावण. तुमच्या प्रश्नातली सर्वांत उपयोगी माहिती हीच आहे. गटारीला येऊरच्या एखाद्या बंगल्यावर जे मित्र तुमचा ग्लास रिकामा राहू देत नाहीत, तेच दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला आग्रह करत नाहीत, कारण ‘श्रावण आहे’ एवढे म्हटले की विषय मिटतो; उलट कुणी आग्रह केलाच तर बाकीचे त्याला गप्प करतात. म्हणजे तुमच्याकडे निश्चय कमी आहे असे अजिबात नाही, तुमचा नकार फक्त पंचांगाने दिलेला आहे आणि पंचांग तो परतही घेते. त्यातही गटारीला ‘आता महिनाभर नाही’ म्हणून दुप्पट आणि विसर्जनानंतर ‘महिनाभर पाळले ना’ म्हणून पुन्हा दुप्पट, हा हिशेब आपल्याकडे इतका रुळलेला आहे की कोरड्या महिन्याच्या दोन्ही टोकांना किती गेली हे कुणी मोजत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की मुदत असलेले कारण देऊ नका. ‘गोळ्या चालू आहेत’ म्हटले की ‘कधी संपणार?’ असा प्रश्न येतो, ‘परीक्षा आहे’ म्हटले की शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी तुमच्या नावाचा पेग भरलेला असतो, आणि उपासाचे तर विचारूच नका. ‘मी सोडली’ या वाक्याला तारीख चिकटत नाही. त्यावर ‘का?’ असे विचारतील. उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही, ‘नको वाटते’ एवढे पुरते. आठ-पंधरा दिवस चेष्टा होईल, मग त्यांनाच कंटाळा येईल.

दुसरी गोष्ट, नकार कधी द्यायचा. बहुतेकांना वाटते की तो बाटली उघडल्यावर द्यायचा असतो. माझ्या मते तोवर फार उशीर झालेला असतो. शनिवारी दुपारच्या लेक्चरच्या वेळेस व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘आज बसायचं?’ असा एक मेसेज पडतो, चार अंगठे येतात, मग कुणीतरी हिशेब करून ‘प्रत्येकी दोनशे’ असे लिहितो आणि आपण बाकावरच फोन मांडीवर धरून यूपीआयने कॉन्ट्री पाठवून मोकळे होतो. तिथेच संध्याकाळ ठरते, कारण पैसे भरल्यावर न पिणे म्हणजे आपलेच पैसे दुसऱ्याच्या घशात ओतणे, आणि तेवढे औदार्य विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही. मी त्याच क्षणी ‘माझी कॉन्ट्री फक्त चकण्याची’ असे ग्रुपवर लिहायला लागलो. परिणामी काही महिने माझे नावच ‘चकणा’ पडले, ते सोसले. पण संध्याकाळी तिथे पोहोचेपर्यंत सगळ्यांना माहीत असे, माझ्या नावाची क्वार्टर आलेलीच नसे आणि वाद घालायला कुणाकडे मुद्दाच उरत नसे.

बसल्यावर आग्रह होतो तो पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत. दुसऱ्या पेगनंतर कोण काय पीत आहे याचे भान कुणालाच राहत नाही. तेवढ्या वेळापुरता स्वतःचा ग्लास थम्स अप किंवा सोड्याने आधीच भरून घ्या आणि भरलेलाच ठेवा. आग्रह होतो तो रिकाम्या ग्लासाला. बिनदारूच्या बिअरविषयी विचाराल तर मी निदान पहिले वर्षभर तिच्या वाटेला जाऊ नये असे म्हणेन, कारण तोच वास, तीच चव आणि तीच बाटली हातात घेऊन मन दुसरीकडे वळत नाही. निघण्याची वेळ आधीच जाहीर करा. ट्रान्स-हार्बरने ठाण्याला परतायचे असल्याने लोकलचे निमित्त तुम्हाला आयतेच मिळाले आहे. न पिणारा म्हणून तुम्हाला सगळ्यांना पाम बीच रोडवरून घरी पोहोचवणारा ड्रायव्हर करण्याचा प्रयत्न होईल. एखाद्या वेळी ठीक, दर शनिवारी नको, कारण मग मध्यरात्रीपर्यंत त्याच गर्दीत थांबावे लागते.

‘मी फक्त बिअर घेतो’ ही समजूत तुमच्या ग्रुपमध्येही असेल, म्हणून थोडे गणित सांगतो. आपल्याकडची व्हिस्की किंवा रम साधारण ४२.८ टक्क्यांची असते; तिच्या ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार पेग. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम एवढेच अल्कोहोल बाहेर काढते, आणि लिंबूपाणी, कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री अकराला क्वार्टर संपवणारा मुलगा सकाळी साडेसहाच्या लोकलमध्ये पूर्ण शुद्धीवर आहे असे त्याला वाटते, पण त्याच्या रक्तात अजून काही शिल्लक असू शकते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, हे सकाळी बाइक काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

कायद्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी किमान वय २१ आणि बाकीच्या दारूसाठी २५ आहे, म्हणजे तुमच्या वर्गात जवळजवळ कुणालाच कडक दारू कायद्याने मिळू शकत नाही. काउंटरवर कुणी वय विचारत नाही ही गोष्ट वेगळी. खारघरच्या रहिवाशांनी आपल्या भागात दारूची दुकाने नकोत म्हणून वर्षानुवर्षे आंदोलने केली, त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण तिथला विद्यार्थी बेलापूरला जाऊन यायचा तो येतोच. बाहेरच्या बंदीवर विसंबून सुटत नाही.

सोडल्यावर पहिले दोन आठवडे त्रास होईल तो प्रामुख्याने झोपेचा. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते आणि स्वप्नांची झोप कमी होते. सोडल्यावर काही दिवस झोप उशिरा येते आणि चमत्कारिक, ठळक स्वप्ने पडतात. यात घाबरण्यासारखे काही नाही, हळूहळू बसते. शनिवारची संध्याकाळ रिकामी वाटते हा त्याहून चिवट त्रास. त्यावर मला उपयोगी पडलेला उपाय संध्याकाळचा नव्हता, रविवारच्या पहाटेचा होता: येऊरला चढायला जायचे आणि पायथ्याशी दुसरा कुणीतरी आपली वाट पाहत उभा असेल असे आधी ठरवायचे. एकट्याने जायचे ठरवले तर गजर बंद करता येतो. ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जाणारे काही जण त्या काळात आपोआप सोडतात, ते चांगलेच आहे, मात्र सराव विसर्जनाबरोबर संपतो आणि तुमचा धोक्याचा आठवडा नेमका तिथेच सुरू होतो. अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या शनिवारी तुम्ही कुठे असाल हे आत्ताच ठरवून ठेवा.

घरी कळू नये ही तुमची इच्छा मी समजू शकतो, पण घरातल्या एका माणसाला सांगावे असे माझे मत आहे. मी ताईला सांगितले, आईला नाही. आईवडिलांना बाहेरून कळले तर ते घाबरून लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘न सांगता दारू सोडवा’ छापाच्या जाहिरातीवरचा नंबर फिरवण्याची शक्यता खरोखर असते. अशा पुडीत काय असते याची खात्री नसते. त्यातच डायसल्फिराम असेल, तर नकळत ते पोटात गेलेल्या माणसाने दारू घेतल्यावर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणे असे काहीही होऊ शकते. हे औषध रुग्णाच्या माहितीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

स्वतःहून जमत नाही असे दिसले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ‘ठाण्याला भरती करा’ हा इथल्या मनोरुग्णालयावरचा विनोद ऐकत आपण मोठे झालो, त्यामुळे ठाण्यातल्यांनाच या डॉक्टरांचा सर्वाधिक संकोच वाटतो, पण व्यसन हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. तुम्ही सज्ञान आहात आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो, त्यामुळे डॉक्टर सहसा तुमच्या संमतीशिवाय घरी फोन करणार नाहीत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांनीच चालवलेल्या संघटनेच्या मीटिंगा मराठीतूनही होतात. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, आणि पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट आहे. तिथे बहुतेक जण तुमच्या वडिलांच्या वयाचे असतील आणि ‘माझे एवढे कुठे झाले आहे’ असे वाटेल. तरी एकदा बसून ऐका. त्यांच्यापैकी अनेकांची सुरुवात कॉलेजातच झालेली असते.

मित्रांचे म्हणाल तर माझ्या ग्रुपमधले दोघे दुरावले, कारण बाटलीशिवाय आमच्याकडे बोलायला काहीच नव्हते. बाकीचे अजून आहेत. मध्येच एखाद्या शनिवारी घेतलीत तर ‘आता मोडलेच’ म्हणून महिनाभर चालू ठेवू नका, पुढच्या कॉन्ट्रीला पुन्हा ‘फक्त चकणा’ असे लिहा. रात्री फारच तगमग झाली आणि कुणाला उठवायचा संकोच वाटला, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. खास व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.