हिकरीच्या दांड्याचे जुने गोल्फ क्लब: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

जुन्या खेळसाहित्याविषयी गेल्या अंकात आलेल्या टिपणानंतर नाशिक आणि परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांतील पाच येथे संक्षेपाने घेतली आहेत. उत्तरांत ‘क्लब’ हा शब्द खेळण्याच्या काठीसाठी वापरला आहे, संस्थेसाठी नाही. हिकरी म्हणजे अशा जुन्या क्लबांचे दांडे ज्याचे करत ते लाकूड.

प्रश्न: देवळाली कॅम्पातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेले सहा क्लब सापडले. पाचांची डोकी लोखंडी आणि गंजलेली आहेत, एकाचे लाकडी आहे. दांडे सर्व लाकडी आहेत. लोखंडावर इंग्रजीत ‘मॅशी’, ‘निब्लिक’ असे शब्द असून एकावर तंबाखू ओढण्याच्या पाइपचे लहान चित्र ठोकलेले आहे. मेहुण्यांचे म्हणणे असे की बफिंग करून क्रोम चढवून घ्यावे, म्हणजे दिवाणखान्यात शोभून दिसतील. हे क्लब किती जुने असावेत, आणि क्रोम करावे का? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर: क्रोम कृपया करू नका, आणि बफिंग तर मुळीच नको. आपल्याकडील सर्वांत मोलाची खूण म्हणजे ते पाइपचे चित्र, आणि बफिंगच्या चाकाखाली सर्वांत आधी नाहीशी होते ती तीच. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील टॉम स्टुअर्ट या लोहाराच्या कारखान्याची ती निशाणी आहे. त्या देशातील कारागीर डोके घडवल्यावर आपले चिन्ह ठोकत असत. लेव्हन येथील जॉर्ज निकोल यांचे चिन्ह हाताचा पंजा होते, तर किंगहॉर्नच्या विल्यम गिब्सन यांचे चिन्ह तारा होते. या चिन्हाशेजारी अनेकदा आणखी एखादे नाव दिसते. ते बहुधा विक्रेत्याचे किंवा एखाद्या गोल्फ संस्थेतील व्यावसायिक खेळाडूचे असते, कारण डोकी एका ठिकाणी घडत आणि दांडा बसवून क्लब पुरा करण्याचे काम पुष्कळदा दुसरीकडे होत असे. त्यामुळे दोन नावे दिसली तरी गोंधळून जाऊ नये. दोन्ही टिपून ठेवावीत.

वयाविषयी आपल्याला बरेच निश्चित सांगता येते. पोलादी दांड्याला अमेरिकेच्या नियामक संस्थेने 1924 मध्ये मान्यता दिली आणि सेंट अँड्र्यूजच्या संस्थेने 1929 मध्ये. त्यानंतर काही वर्षांतच हिकरीचे दांडे मागे पडले. अमेरिकी गोल्फपटू बॉबी जोन्स यांनी 1930 मध्ये एकाच वर्षी चार मोठ्या स्पर्धा जिंकल्या, तेव्हा त्यांच्या हातात अजून हिकरीचेच क्लब होते. म्हणून आपले क्लब 1935 च्या अलीकडचे असण्याची शक्यता फार थोडी आहे. आता लोखंडी डोक्यांचे तोंड, म्हणजे चेंडूला लागणारा सपाट भाग, उजेडात तिरपे धरून पाहावे. त्यावर रेघा किंवा ठिपके असतील तर क्लब विसाव्या शतकातील समजावा. तोंड पूर्ण गुळगुळीत असेल तर तो त्याहून जुना असू शकतो, आणि तसे असेल तर मला पुन्हा अवश्य लिहावे.

मॅशी आणि निब्लिक ही क्रमांकांच्या आधीची नावे आहेत. ढोबळ मानाने मॅशी म्हणजे आजचा पाच क्रमांकाचा लोखंडी क्लब आणि निब्लिक म्हणजे नऊ क्रमांकाचा. ‘ढोबळ’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण क्लबाच्या तोंडाचा उतार प्रत्येक कारखान्यात वेगळा असे, आणि एकाच नावाच्या दोन क्लबांनी चेंडू सारख्या उंचीने जाईल अशी खात्री त्या काळी कोणी देत नसे.

किमतीविषयी मात्र फार आशा धरू नये. 1900 ते 1930 या काळात असे क्लब प्रचंड संख्येने तयार झाले आणि आजही पुष्कळ शिल्लक आहेत. आपल्या सहा क्लबांचे खरे मोल असे की ते एकाच घरात एकत्र राहिले आहेत आणि थोड्या कष्टांत पुन्हा खेळण्याजोगे होऊ शकतील.

गंज काढण्यासाठी शिलाई यंत्राचे तेल लावून क्लब रात्रभर ठेवावा आणि दुसर्‍या दिवशी चार शून्य क्रमांकाच्या, म्हणजे सर्वांत बारीक, स्टील वूलने हलक्या हाताने एकाच दिशेने घासावे. लाल, भुकटीसारखा गंज निघून जातो. त्याखालचा काळपट तपकिरी थर तसाच राहू द्यावा. तो लोखंडाचे रक्षण करतो आणि क्लबाचे वय सांगतो. सिरक्यात किंवा आम्लात बुडवले तर तो थरही जातो आणि लोखंड करड्या, मृत रंगाचे दिसू लागते. लाकडी डोक्याच्या तळाशी पितळी पट्टी असेल तर घरातील तांब्यापितळेच्या भांड्यांप्रमाणे ती चिंचेने घासण्याचा मोह होईल. तसे करू नये, कारण आंबट पाणी स्क्रूंच्या भोकांतून लाकडात शिरते. कोरड्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन पट्टीपुरतेच पुसावे.

हे सगळे मी इतक्या आग्रहाने लिहितो त्याला कारण आहे. हा छंद लागला त्या पहिल्याच वर्षी एक मॅशी मी बफिंगसाठी एका कारखान्यात दिली. परत आली तेव्हा ती आरशासारखी चकाकत होती आणि तिच्या पाठीवर एकही अक्षर उरले नव्हते. ती कोणी घडवली हे मला आता कधीच कळणार नाही.

प्रश्न: माझ्या क्लबाचे लोखंडी डोके दांड्यावर सैल झाले आहे. पावसाळ्यात घट्ट असते, मार्चपासून खुळखुळू लागते. रात्रभर पाण्यात ठेवले की बसते, असे एका ज्येष्ठ खेळाडूंनी सांगितले. ते बरोबर आहे का? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर: ते आपल्याला खोटे सांगत नाहीत. पूर्वी असे सर्रास करत, आणि दुसर्‍या दिवशी डोके खरोखरच घट्ट वाटते. परंतु लाकूड फुगते तेव्हा डोक्याच्या ज्या लोखंडी नळीत दांडा बसतो तिने चहूबाजूंनी दाबले जाते, त्याचे तंतू चेपतात, आणि वाळल्यावर ते पूर्वीपेक्षाही बारीक होते. दर उन्हाळ्यात पाणी पाजत राहिलात तर काही वर्षांत दांड्याचे टोक निकामी होईल. शिवाय आतून नळी गंजते ती वेगळीच. नाशिकची हवा या बाबतीत विशेष कठीण आहे. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा घरातील कोरडेपणाने दरवाजांच्याही फटी वाढतात. हिकरी अमेरिकेतील लाकूड आहे, अक्रोडाच्या कुळातील, आणि आपण कुर्‍हाडीला बाभळीचा दांडा घालतो तसा तिकडे हिकरीचा घालतात. लवचीकपणा आणि झटका सोसण्याची ताकद यांत त्याला तोड नाही, पण ओल शोषणे आणि सोडणे हा लाकडाचा धर्म त्यालाही चुकत नाही.

योग्य उपाय असा. डोक्याच्या नळीतून आरपार एक बारीक खिळा ठोकलेला असतो आणि त्याची दोन्ही टोके घासून सपाट केलेली असतात, म्हणून तो सहज दिसत नाही. नळी स्टील वूलने स्वच्छ करून भिंगातून पाहिली की लोखंडावर लहानसा गोल ठिपका सापडतो. त्याच्याच जाडीच्या पंचने तो हळूहळू बाहेर ठोकावा. त्यानंतर डोके पिळून काढण्याचा प्रयत्न करू नये. सरळ रेषेत ओढावे, कारण पिळल्याने दांडा उभा चिरतो. डोके निघत नसेल तर नळीला सौम्य ऊब द्यावी. ऊब, आच नव्हे. लाकूड जळाल्याचा वास आला तर आतले टोक कोळसा होऊ लागले आहे असे समजून लगेच थांबावे.

डोके निघाल्यावर नळीतला गंज आणि दांड्याच्या टोकावरचा जुना चिकटा खरवडून काढावा. टोक बारीक झाले असेल तर त्यावर सुती दोर्‍याचे विरळ वेढे देऊन एपॉक्सी लावावी, डोके जुन्याच खुणेवर बसवावे, जुन्याच भोकातून खिळा घालावा आणि पूर्ण एक दिवस हलवू नये. सरस वापरावा की एपॉक्सी, यावर जुन्या वस्तूंच्या जाणकारांत मतभेद आहेत. सरस त्या काळाशी सुसंगत आहे हे मला मान्य आहे, परंतु नाशिकच्या पावसाळ्यात तो मऊ पडतो, आणि खेळताना डोके निखळून कोणाला लागले तर ती गोष्ट साधी राहत नाही. खेळायच्या क्लबाला मी एपॉक्सी वापरतो. पुढे कोणाला काढायची झाली तर ती उष्णतेने सुटते, त्यामुळे कायमचे नुकसान होत नाही. भिंतीवर टांगायच्या क्लबाला सरस पुरे.

दांड्याला वरून संरक्षण हवे. कोरड्या फडक्याने पुसून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने जादा तेल पुसून टाकावे, आणि दिवसाआड असे तीन-चार वेळा करावे. त्यावर लाखेच्या पॉलिशचा एक पातळ थर दिला की पावसाळा बराच सुसह्य होतो. हे पॉलिश आपल्या सुतारांना नवे नाही, आणि लाखही आपल्याच देशातली आहे. एक सूचना मात्र जीव तोडून करतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपर्‍यात किंवा कचर्‍याच्या डब्यात कधीही टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि दाबून ठेवलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी अंगणात दोरीवर पसरून पूर्ण वाळू द्यावीत.

प्रश्न: दांड्यावर टाचणीएवढी भोके आहेत आणि खाली पिठासारखी पूड पडते. वाळवी आहे का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर: वाळवी नव्हे, लाकूड पोखरणारा भुंगेरा आहे, आणि हिकरी त्याला फार आवडते. आजच तो क्लब इतर लाकडी वस्तूंपासून वेगळा करून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि कीडनियंत्रण करणार्‍या जाणकाराला दाखवावा. कीड मेली तरी पोखरलेल्या दांड्याने खेळू नये. तो बाहेरून धड दिसतो आणि फटक्याच्या क्षणी मोडतो.

प्रश्न: असे क्लब नाशिकमध्ये कुठे मिळतील? सजावटीसाठी केलेल्या नकला कशा ओळखाव्यात? (एक वाचक, कॉलेज रोड)

उत्तर: ज्या मैदानावर आपण क्रिकेटचे सामने पाहतो आणि सकाळी फिरायला जातो, ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान बोलण्यात अजूनही गोल्फ क्लब मैदानच आहे, आणि देवळालीची छावणी तर आपल्या शेजारीच आहे. त्यामुळे या शहराच्या माळ्यांवर आणि भंगाराच्या दुकानांत असे क्लब निघाले तर आश्चर्य वाटू नये. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मला एकदाच एक निब्लिक मिळाली, तीही विळ्या-कोयत्यांच्या ढिगात. परंतु बाजारापेक्षा घरे अधिक फलदायी ठरतात. जुना बंगला रिकामा होत असेल तेव्हा आधी विचारून ठेवावे.

खिशात लोहचुंबक न्यावे. 1930 च्या सुमारास काही कारखान्यांनी पोलादी दांड्यावर लाकडी रंगाचे आवरण चढवून विकले, कारण गिर्‍हाइकाच्या डोळ्यांना लाकडाची सवय होती. असा क्लब जुना असतो, पण हिकरीचा नसतो, आणि चुंबक ते क्षणात सांगते. नकलेचा दांडा बहुधा वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीचा असतो, तर खरा दांडा डोक्याकडे निमुळता होत जातो. खर्‍या लोखंडी डोक्याच्या नळीच्या वरच्या कडेला बारीक खाचांची झालर असते आणि खाली तो आरपार खिळा असतो. अक्षरे ठोकलेली असावीत. ओतीव अक्षरांच्या कडा गोलसर आणि फुगीर दिसतात. लाकडी डोके असेल तर दांड्याशी त्याच्या सांध्यावर गुंडाळलेले दोर्‍याचे वेढे उसवून पाहण्याचा आग्रह धरू नये, पण डोक्याच्या मानेवर भेग आहे का हे बोट फिरवून तपासावे. ही डोकी पुष्कळदा पर्सिमन या लाकडाची असतात, आणि आपल्या जंगलातली टेंभुर्णी, जिच्या पानांच्या विड्या वळतात, ती त्याच प्रजातीतली आहे. या वेढ्यांसाठी मेणाचा दोरा आणि मुठीसाठी चामड्याची अरुंद पट्टी चप्पल-बूट शिवणार्‍या कारागिराकडे मिळते. मुठीचे जुने चामडे अगदी तुटले नसेल तर मात्र ते बदलू नये.

प्रश्न: मी पोलादी दांड्याच्या क्लबांनी खेळतो. हिकरीने खेळताना काय बदलावे? दांडा मोडण्याची भीती वाटते. (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर: भीती रास्त आहे, पण दांडे बहुतेक वेळा चेंडूने मोडत नाहीत, जमिनीने मोडतात. म्हणून सरावाच्या जागी सिमेंटवर अंथरलेल्या कृत्रिम गवतावरून हिकरीचा क्लब कधीही चालवू नये, आणि उन्हाळ्यात टणक झालेल्या मैदानावर चेंडूखालची माती उकरणारा फटका टाळावा. गवतावरून केरसुणी फिरवावी तसा क्लब चेंडूवरून न्यावा. सरावासाठी ठेवलेले चेंडू फार कठीण असतात. लाकडी डोक्याच्या तोंडाला त्यांनी भेगा पडतात. बाजारातला सर्वांत मऊ चेंडू घ्यावा.

हिकरीचा दांडा वाकतो तसा स्वतःभोवती थोडा पिळलाही जातो. खालच्या दिशेने घाईने झटका दिला की डोके मागे राहते आणि चेंडू भलतीकडे जातो. मागे नेलेला क्लब वर क्षणभर थांबू द्यावा, मग खाली आणावा. पहिले काही दिवस फक्त मॅशीने, अर्ध्या ताकदीने, पन्नास-साठ पावलांवर चेंडू टाकावेत. मला स्वतःला हा वेग अंगवळणी पडायला एक संपूर्ण हिवाळा लागला, आणि त्यानंतर पोलादी क्लबांनीही माझा फटका सरळ जाऊ लागला.

प्रत्येक खेळाआधी दांडा डोळ्यासमोर धरून उजेडात पाहावा, नखाने उभ्या भेगा चाचपाव्यात आणि डोके हाताने हलवून पाहावे. खेळ संपल्यावर डोके कोरडे पुसून तेलाचा बोळा फिरवावा. क्लब भिंतीला टेकवून उभे ठेवू नयेत, कारण दांडे वाकतात. ते आडवे ठेवावेत किंवा डोक्याच्या आधाराने टांगावेत. आणि एप्रिल-मेमध्ये मोटारीच्या डिकीत एक दुपारही राहू देऊ नयेत. आपण नुकतेच बसवलेले डोके संध्याकाळी पुन्हा खुळखुळताना आढळेल.