पांढऱ्या गाडीवरचे नारिंगी ठिपके आणि चुन्यासारखे कडक डाग धुऊनही जात नाहीत. रबिंग करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की ऐरोली स्टेशनजवळ राहता, गाडी पांढरी आहे, बॉनेटवर आणि डिकीवर बारीक नारिंगी ठिपके आलेत. पोडियमखालच्या पार्किंगमध्ये वरून गळणाऱ्या पाण्याने रूफवर पांढरे खडबडीत डाग पडलेत, आणि गॅरेजवाल्याने सगळ्या गाडीला मशीन रबिंग करून वर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसणारा संरक्षक थर, मारायला सांगितलंय. मी रबाळे एमआयडीसीतल्या एका बॉडीशॉपमध्ये रंगाचं काम बघतो. कळकळीने सांगतो, रबिंगला आत्ता हो म्हणू नका.

कारण असं. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर तो साधारण 35 ते 50 मायक्रॉन असतो, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाच्या निम्म्या जाडीच्या आसपास. उन्हापासून खालच्या रंगाला वाचवणारी रसायनं याच थरात असतात. रबिंग म्हणजे हा थर थोडा थोडा घासून कमी करणं. घासलेला परत येत नाही. त्यातून तुमच्या रूफवर चुन्याची खर आणि बॉनेटवर लोखंडाचे कण अजून बसलेले आहेत. त्यावर मशीन फिरवलं की पॅड तेच कण साऱ्या पॅनलवर ओढत नेतो आणि उन्हात जाळ्यासारखे ओरखडे दिसायला लागतात. डाग आधी विरघळवायचा असतो. घासायची पाळी आलीच तर ती शेवटी, आणि तेवढ्याच जागेवर.

आता नारिंगी ठिपके. गाडीचा पत्रा गंजतोय अशी भीती वाटते, पण ठिपके टाचणीच्या टोकाएवढे आणि पॅनलभर विखुरलेले असतील तर गंज बहुतेक बाहेरून आलेल्या लोखंडाचा असतो. ठाणे-वाशी लोहमार्ग तुमच्या शेजारी, त्याला लागून ठाणे-बेलापूर रस्ता आणि एमआयडीसीचा पट्टा. रूळ आणि चाकं घासून, ब्रेक लागताना लोखंडाची भुकटी हवेत उडते. फॅब्रिकेशनच्या शेडमधून ग्राइंडरची भुकटी येते. सोसायटीत कुणी खिडकीची ग्रिल कापत असेल तर त्याच्या ठिणग्या खाली उभ्या गाड्यांवर पडतात. ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण, तो क्लिअर कोटमध्ये रुतून बसतो. मग आपल्याकडचा पावसाळा आणि खाडीची दमट हवा लागली की तो गंजतो आणि फुगतो. शॅम्पूने वरचा गंज निघतो, रुतलेला कण तसाच राहतो, म्हणून काही दिवसांत ठिपका परत दिसतो. काळ्या गाडीवरही हे असतंच, फक्त पांढरीवर डोळ्यांत भरतं.

खात्री करायची सोपी रीत आहे. गाडी नीट धुवा, हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि ओल्या बॉनेटवरून बोटं हलकी फिरवा. नुसत्या बोटांना न लागणारी कचकच पिशवीतून लगेच जाणवते. पुढच्या काचेवरही तसेच ठिपके आणि तशीच कचकच असेल तर निश्चिंत राहा, काचेला गंज चढत नाही, म्हणजे माल बाहेरचाच.

यावर उपाय म्हणजे आयर्न रिमूव्हर. गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो. चांगल्या रिमूव्हरमध्ये थायोग्लायकोलेट नावाचा क्षार असतो, तो लोखंडाला धरतो आणि जांभळा होतो. बॉनेटवरून जांभळे ओघळ वाहताना पाहून घाबरू नका, काम चालू असल्याची ती खूण आहे. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागेल अशी हवी. फवारा, बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा, सहसा तीन ते पाच मिनिटं, आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. घासू नका. ठिपके जुने असतील तर एका फेरीत सगळे जात नाहीत, पुन्हा फवारा. वास उग्र असतो, पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या औषधाला येतो तसा, कारण रसायन त्याच घरातलं. म्हणून हातमोजे घाला आणि हे काम बंद बेसमेंटमध्ये करू नका. सकाळी लवकर मोकळ्या जागेत गाडी काढा.

रूफवरच्या डागांची गोष्ट निराळी, आणि मला खरी काळजी त्यांची आहे. स्लॅबमधून झिरपणारं पाणी सिमेंटमधला चुना विरघळवून आणतं. ते थेंब गाडीवर पडतात, पाणी उडून जातं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याचा कार्बोनेट होतो आणि दगडासारखा घट्ट बसतो. पार्किंगच्या छताला लोंबणारे पांढरे सुळके पाहिले असतील, तोच पदार्थ. ताजा थेंब तीव्र अल्कधर्मी असतो आणि क्लिअर कोट खातो, म्हणून यात दिरंगाई नको. शॅम्पूला हा डाग दाद देत नाही. त्याला हलकं आम्ल लागतं.

स्वयंपाकघरातला पांढरा व्हिनेगर घ्या, बाटलीवर चार-पाच टक्के लिहिलेला. त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळा, बॅटरीच्या दुकानात मिळतं. टिश्यू पेपर त्यात भिजवून फक्त डागावर ठेवा. दोन-तीन मिनिटांनी उचला, मऊ झालेला थर ओल्या मायक्रोफायबरने दाब न देता टिपा, धुवा, आणि पुन्हा ठेवा. जाड डागाला अशा बऱ्याच फेऱ्या लागतात. कंटाळा येतो, पण प्रत्येक फेरीत थर पातळ होताना दिसतो. नखाने, ब्लेडने किंवा एटीएम कार्डाने खरवडायचा मोह आवरा, कारण सुटलेला तुकडा रंगावर काचेसारखा चालतो. टॉयलेट क्लीनर तर मुळीच नको. चुना त्याने झटक्यात जातो हे खरं, पण त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते पत्र्याच्या सांध्यांत आणि क्रोमच्या पट्ट्यांत उतरलं की नवं दुखणं सुरू होतं. आणि व्हिनेगर व आयर्न रिमूव्हर कधीही एकत्र करू नका. एक पूर्ण धुऊन काढल्यावरच दुसरं.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळली की जे गोल पांढरे वळ उठतात, त्यांनाही हाच व्हिनेगर चालतो. दाराच्या खालच्या बाजूला डांबराचे काळे ठिपके असतील तर कापडावर थोडं टर्पेंटाइन किंवा टार रिमूव्हर घेऊन धरा, मग शॅम्पू. आंब्याखाली गाडी लावत असाल तर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांमुळे पडणारा चिकटा साखरेचाच असतो, कोमट पाण्याने सुटतो. कावळ्याची घाण दिसली की त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून उचला, मे महिन्यात एका दुपारीही ती रंगावर ठसा सोडू शकते.

हे सगळं झाल्यावर पुन्हा पिशवीचा हात फिरवा. अजून कचकच लागली तर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, फाइन ग्रेडची. अर्ध्या बॉनेटएवढा भाग घ्या, शॅम्पूचं पाणी सढळ मारा, क्ले सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा, गोल गोल नको. दाब फक्त बोटांच्या वजनाचा. क्ले काळवंडला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. हातातून जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्या, कितीही महाग असला तरी, कारण त्यात घुसलेली वाळू निघत नाही. क्लेने अगदी बारीक रेघा येऊ शकतात. पांढऱ्या गाडीवर त्या दिसत नाहीत, काळ्या गाडीवाल्याला मात्र नंतर हलकं पॉलिश करावंच लागतं.

आता राहिलं रबिंग. चुना पूर्ण गेल्यावर त्या जागी बोटाला न लागणारी पण तिरक्या उजेडात दिसणारी कड राहिली, तर समजा क्लिअर कोट खाल्ला गेलाय. तिथे पॉलिशशिवाय इलाज नाही, पण तेवढ्याच वीतभर जागेवर, फाइन पॉलिशने. गॅरेजवाल्याला आधी पेंट थिकनेस गेज लावून आकडा दाखवायला सांगा. गेज सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं. मूळ रंग असेल तर आकडा बहुधा 100 ते 150 मायक्रॉनच्या दरम्यान येतो. रूफच्या इतर भागापेक्षा एखाद्या ठिकाणी तो बराच कमी आला तर तिथे मशीन लावू देऊ नका. प्लास्टिकच्या बंपरवर साधं गेज चालत नाही, तिथला आकडा कुणी सांगितला तर त्यावर विश्वास ठेवू नका. ज्याच्याकडे गेजच नाही त्याच्याकडे गाडी देऊ नका, हे माझं ठाम मत आहे.

सिरॅमिक कोटिंग वाईट नाही, पण डाग तसेच ठेवून वर मारलं तर ते आतच बंद होतात. शिवाय स्लॅबचा चुना कोटिंगवरही बसतो. तेव्हा कोटिंगचे पैसे काढण्याआधी सोसायटीला लेखी अर्ज देऊन स्लॅबचं ग्राउटिंग, म्हणजे भेगा आतून भरून गळती बंद करणं, करायला लावा. तोवर गळतीच्या जागी पत्र्याची पन्हळ बांधून घ्या किंवा सेक्रेटरींशी बोलून जागा बदलून मागा. आयर्न रिमूव्हर आणि क्लेने जुनं वॅक्सही निघून गेलेलं असेल, त्यामुळे काम संपलं त्याच दिवशी साधं वॅक्स नक्की लावा.

व्हिनेगरच्या फेऱ्यांनंतर रूफवर काही उरलं तर सावलीत, तिरक्या कोनातून काढलेला फोटो इथे टाका. चुना उरलाय की रंग खाल्ला गेलाय, ते बघून सांगतो.