जाड ट्रे लावला तर दात लवकर सरकेल का?

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीपासून ती अलाइनर, म्हणजे दात सरळ करणारे, एकामागून एक बदलायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे लावते. समोरचे दात छान ओळीत आले, पण वरचा डावा सुळा काही केल्या वळत नाही. त्याच्या टोकाशी ट्रे आणि दात यांच्यात फटही दिसते. माझ्या जावेच्या मुलाने दुसरीकडे ट्रीटमेंट घेतली, त्याचे ट्रे हाताला चांगले कडक लागतात. आमचे पातळ आहेत, दाबले की वाकतात. जाऊ म्हणते, ‘तुम्हाले हलकं प्लास्टिक देलं.’ डॉक्टरांकडे जाड ट्रे मागावे का?
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, जाड ट्रे मागू नका. तुमच्या पत्रातली काळजीची गोष्ट ती फट आहे, प्लास्टिक नव्हे.

तरी जावेची शंका अनेकांच्या मनात असते, म्हणून आधी कडकपणाचं सांगते. प्लास्टिकचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.५ मिमीच्या जागी ०.७५ मिमीची शीट घेतली तर जाडी दीडपट होते, पण ताठपणा तीनपटीहून जास्त. आता हा जोर जातो कुठे ते बघा. दाताच्या मुळाभोवती साधारण ०.२ मिमीचा तंतूंचा पातळ पडदा असतो. त्यावर हलका दाब टिकून राहिला की एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, आणि दात सरकतो. दाब फार झाला तर पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात, तिथल्या पेशी मरतात. तो भाग साफ होईपर्यंत दात काही आठवडे जागचा हलत नाही. दुखणं वाढतं, मूळ झिजायची भीती असते ती वेगळीच. म्हणूनच एका ट्रेमध्ये दात साधारण पाव मिलिमीटरच हलवायचं ठरवलेलं असतं. हाडाचा वेग प्लास्टिक वाढवू शकत नाही.

शिवाय हातात लागणारा कडकपणा तोंडात तसाच राहत नाही. ताणलेलं प्लास्टिक लाळेत आणि तोंडाच्या उष्णतेत सैलावतं. पीईटीजी नावाच्या नेहमीच्या प्लास्टिकचा जोर पहिल्याच दिवशी बराच उतरतो. पॉलियुरेथेनचे मऊ, लवचीक ट्रे सुरुवातीला कमी जोर लावतात, पण दातावर नीट बसतात. शीट गरम करून साच्यावर ओढताना ती पातळही होते, आणि सगळीकडे सारखी नाही. बोटाने दाबून ट्रेचा दर्जा कळत नाही, हे जावेलाही सांगा.

आता सुळ्याकडे येऊ. तेलकट हाताने बरणीचं गोल झाकण फिरवून बघा, हात नुसता घसरतो. सुळा आणि उपदाढा अशाच गोलसर असतात, ट्रेला धरायला कोपरा मिळत नाही. समोरचे चपटे दात वळवणं त्यामानाने सोपं. पकड मिळावी म्हणून आम्ही दातावर दाताच्याच रंगाचा छोटा उंचवटा चिकटवतो, त्याला अटॅचमेंट म्हणतात. दिसतो म्हणून मुली नको म्हणतात. मी त्यांना समजावते, कारण त्याच्याशिवाय सुळा वळवणं फार अवघड. तुमच्या मुलीचा तो उंचवटा जेवताना निघून तर गेला नाही ना, आरशात बघायला सांगा. ट्रेची कड कशी कापली आहे तेही महत्त्वाचं. हिरडीच्या वळणावळणाने कापलेल्या कडेपेक्षा हिरडीवर दोनेक मिमी चढवून सरळ कापलेली कड ट्रेला जास्त ताठ ठेवते आणि पकडही चांगली देते. म्हणजे तेच प्लास्टिक, तीच जाडी, पण काम वेगळं! आणि शेजारचे दात सुळ्याला घट्ट चिकटलेले असतील तर त्याला वळायला जागाच नाही. तिथे दातांच्या कडा मिलिमीटरच्या काही दशांशांनी घासून जागा करावी लागते.

फट असताना पुढचा ट्रे घालू नका. प्रत्येक ट्रेबरोबर फट वाढत जाते. डॉक्टरांना लगेच दाखवा. ट्रे रोज २० ते २२ तास तोंडात असतो का, हे मुलीला रागावून नको, शांतपणे विचारा. सकाळचे तर्री-पोहे, दुपारचा डबा, संध्याकाळचा चहा, मैत्रिणींबरोबर फुटाळ्यावरचं खाणं, यातच तास निघून जातात. कधी कधी पुन्हा स्कॅन करून नवे ट्रे काढावे लागतात. त्यात फसवणूक नाही, सुळ्यासाठी हे नेहमीचंच आहे. तरीही शंका राहिली तर नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ऑर्थोडॉन्टिक्स म्हणजे दात सरळ करण्याच्या विभागात दाखवा.

प्रश्न : ट्रेची डबी दुपारभर उन्हात उभ्या गाडीत राहिली. ट्रे दिसायला ठीक आहे. घालू का?
— एक विद्यार्थी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नको. पीईटीजी ८० अंशांच्या आसपास मऊ होतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड प्लास्टिक वाकण्याइतका तापू शकतो. सगळा हिशेब पाव मिलिमीटरचा असताना डोळ्यांना न दिसणारा वाकही दात चुकीच्या दिशेला ढकलायला पुरतो. आधीचा ट्रे जपून ठेवला असेल तर आज तोच घाला आणि डॉक्टरांना फोन करून या क्रमांकाचा ट्रे पुन्हा मागवा. नवा आला की तो गार पाण्यानेच धुवा, आणि चहा पिताना काढून ठेवा.