सेक्रेटरींनी सीसीटीव्हीची क्लिप ग्रुपवर टाकली, आता काय करायचं?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि खरं सांगते, रागच आला. बाकीच्यांसाठी थोडक्यात: वडोदऱ्यात कारेलीबागच्या सोसायटीत तुम्ही आणि आई दोघीच राहता, तुमचा घटस्फोट झालाय, गेल्या आठवड्यात रात्री आईला दवाखान्यातून घरी आणताना ऑफिसमधले एक सहकारी मदतीला आले, आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी लिफ्टजवळच्या कॅमेऱ्यातली क्लिप सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. आईचा भाग कापलेला, फक्त तुम्ही दोघं, आणि खाली "रात्री पावणेबारा, हेच का संस्कार?" आई म्हणते ग्रुप सोड आणि गप्प बस, मावसभाऊ म्हणतो आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याचं कलम 66अ लाव.

आधी भावाचं. 66अ आता नाहीच, सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 लाच ते कलम रद्द केलंय, त्यामुळे अर्जात ते लिहू नका. 66ई पण इथे बसत नाही, ते शरीराच्या खाजगी भागाच्या फोटो-व्हिडिओसाठी आहे.

तुमच्या कामाचं आहे ते भारतीय न्याय संहितेचं कलम 79. बाईच्या शीलाचा अपमान करायच्या हेतूने काही बोलणं, दाखवणं किंवा तिच्या खाजगीपणात घुसणं, याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि दंड, आणि हा दखलपात्र गुन्हा आहे म्हणजे पोलिसांना एफआयआर घेता येते. हेतू सिद्ध करावा लागतो, पण तुमच्या केसमध्ये ती खालची ओळ आणि कापलेली क्लिप हेतूबद्दल बरंच बोलते. बदनामीचं कलम 356 पण आहे, फक्त त्यासाठी पोलीस नाही, सरळ मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद द्यावी लागते.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमताने सांगितलं, ते खरंच आहे, पण तो हक्क मुख्यतः सरकारसमोर उभा राहतो, शेजाऱ्यासमोर आपल्याला साधी फौजदारी आणि दिवाणी कलमंच वापरायची. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले पण मुख्य तरतुदींना 18 महिन्यांची मुदत दिलीये, म्हणून सगळा भार त्याच्यावर टाकू नका. पण त्यातला विचार मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठणकावून मांडा: कॅमेरा सगळ्यांच्या मेंटेनन्समधून, चोरी होऊ नये म्हणून लागला, कोण किती वाजता कोणाबरोबर आलं याची पंचायत करायला कोणी संमती दिलेली नाही. आणि घटस्फोटाचं म्हणाल तर ज्या बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात 1931 मध्येच हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदा मिळाला, तिथे आज त्यावरून मान खाली घालायची काही गरज नाही.

ग्रुप अजिबात सोडू नका. आईंची काळजी समजते, पण बाहेर पडलात तर पुढे कोण काय बोललं ते कळणार नाही, आणि ग्रुपवर नवीन काही टाकलं तर टाकणारा साधारण दोन दिवसांपर्यंत ते "सगळ्यांसाठी डिलीट" करू शकतो. क्लिप डाउनलोड करा, नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करा आणि तो फोन बदलू नका, कोर्टात असल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं. चिडून ती क्लिप कोणाला फॉरवर्ड करू नका, वहिनीलासुद्धा नाही.

तक्रार सायबर क्राइमच्या पोर्टलवर किंवा कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, "आमची हद्द नाही" हे कारण चालत नाही. ठाण्यात घेतलीच नाही तर पोलीस कमिशनरना लेखी, मग मॅजिस्ट्रेट. 1930 नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे वेळ घालवू नका. क्लिप पुन्हा पसरवू नये म्हणून दिवाणी कोर्टातून मनाई हुकूमही मागता येईल.

पण या सगळ्याच्या आधी एक काम, आणि ते आजच. डीव्हीआरची, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राची, हार्डडिस्क भरली की जुन्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं, आणि आईला धरून तुम्ही तिघं आत येताय हे दाखवणारं पूर्ण फुटेज तिथेच आहे. चेअरमनना दोन ओळींचं पत्र द्या की त्या रात्रीचं साडेअकरा ते साडेबाराचं मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवा, पुसलं तर जबाबदारी तुमची. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या, देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.