रोज तेच गणित, रोज तेच रडणं

प्रश्न : ताई, मुलगा तिसरीत आहे. मी साडेसातला ऑफिसमधून येते, कुकर लावता लावता अभ्यास घेते, तर हा रोज ५२ वजा २७ बरोबर ३५ च लिहितो, मी ओरडते, तो रडतो. सासूबाई म्हणतात ट्यूशन लाव. लावू का?

उत्तर : अगं थांब जरा, ३५ आले कुठून ते बघितलंस का? २ मधून ७ जात नाहीत म्हणून पठ्ठ्याने ७ मधून २ काढले! म्हणजे डोकं चालतंय, फक्त दशक सुटा करायचं कळलेलं नाही. खराट्याचे हीर तोड, दहा-दहाच्या पाच जुड्या रबर लावून आणि दोन सुटे, मग २७ काढताना एक जुडी त्यालाच सोडू दे. दहा मिनिटं बास, तेही जेवणं झाल्यावर, शिट्ट्या मोजत नको. ट्यूशनला बहुतेक हेच गणित वीसदा लिहून घेतील, सध्या राहू दे.

आणि गृहपाठ म्हणशील तर केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीला जास्तीत जास्त दोन तास सांगितलेत, आठवड्याला हं, रोज नाही! जास्त येत असेल तर बाईंना भेटून बोल, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, तिथे नुसती भांडणं होतात. जुड्या बांधायला सासूबाईंना बसव.